उतरतानाचा नमस्कार

अक्का माणसाच्या तोंडाकडे बघत नसे. कुणीही समोर आलं की तिची नजर आधी खाली, पायांवर जायची. चपलेचा अंगठा तुटलाय का, साडीचा काठ लोळतोय का, पैंजण सैल आहे का, हे सगळं बघून झालं की मग कुठे ती मान वर करून विचारायची, "काय गं, बरं हाय न्हवं?" आमच्या गावच्या, निंबर्ग्यातल्या बायका तिची टिंगल करायच्या. "शांताक्काला सोयरीक बघाय धाडलं तर नवऱ्याचं तोंड ऱ्हाईल बाजूला, नुस्ते पाय बघून यील," म्हणायच्या. अक्का हसून म्हणायची, "तोंड लबाड बोलतंय गं. पायाला लबाडी जमत न्हाई."

ही नजर तिला शहराने दिली होती. शहराचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. जिने सगळ्याच शहरांतले म्हातारे होतात. तिथल्या गाडीच्या एका स्टेशनात सरकत्या जिन्याच्या पायथ्याशी उभं राहणं ही अक्काची नोकरी होती. अंगात ठेकेदाराने दिलेला निळा कोट, कोटाखाली इरकल साडी. गळ्यात दोन गोष्टी: कोटाच्या वर शिट्टी आणि आत लिंगायतांचं इष्टलिंग. नवरा गेल्यावर आणि धाकट्या भावाला, बसूला, हाताशी आणून सोडल्यावर ती गावातून निघाली होती. आई लवकर गेली, म्हणून बसूला तिनेच कडेवर वाढवलेलं. शहरात गेल्यावरही बसूच्या घरी चटणी कधी संपते हे तिला इकडच्यांआधी कळायचं.

मी कॉलेजसाठी शहरात गेले तेव्हा आमच्या अप्पांनी मला तिच्या ताब्यात दिलं. अप्पा म्हणजे माझे वडील, गावच्या शाळेतले मास्तर. पत्रकं लिहिणं आणि बाजाराच्या दिवशी ती वाटणं, हा त्यांचा संसार. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. भानामतीविरुद्ध, हुंड्याविरुद्ध, टँकरच्या पाण्यात होणाऱ्या लबाडीविरुद्ध. मी मुळाक्षरं गिरवली ती उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या कडेवर. तेव्हा मला वाटे की जगातली कुठलीही वाईट गोष्ट नीट लिहून छापली आणि लोकांच्या हातात दिली की ती थांबते.

अक्काला तीन भाषा येत आणि तिन्ही भाषांत ती एकच गोष्ट सांगे. मोबाईलमध्ये मान घालून येणाऱ्या पोराला दखनीत, "ओ भाई, फोन कू जेब में डालो, पैले पांव देखो." गावाकडच्या बाईला कन्नडमध्ये, "कालु नोडव्वा," पाय बघ गं बाई. आणि आमच्या बाजूचं कुणी दिसलं की मराठीत, "पदर खोच गं माय, जिन्याला पदर लई आवडतोय." कॉलेजातून परत येताना मी तिच्याजवळ भिंतीला टेकून उभी राहायचे. तिचं काम बघता बघता माझी गाडी चुकायची, आणि ती माझ्याकडे न बघताच म्हणायची, "गेली बघ तुझी. तुझे पाय अजून हितंच हायत."

आमच्याकडची माणसं पायरी तुडवण्याआधी तिला हात लावून तो कपाळाला लावतात. देवळाचीच पायरी पाहिजे असं नाही. कचेरीची असो, दवाखान्याची असो, जिथे मोठं काम आहे तिथली पायरी पहिल्यांदा हाताने शिवायची आणि मग पायाने. परत निघताना पुन्हा वळून एकदा. शहरात पहिल्यांदा आलेला आळंदकडचा, उदगीरकडचा, औरादकडचा माणूस सरकत्या जिन्यापुढेही हेच करायचा. मोठ्या दवाखान्यात आईला घेऊन आलेला मुलगा पुढे निघून जायचा आणि म्हातारी मागे जिन्याच्या तोंडाशी वाकायची. मागून लोंढा येत असायचा. अक्का शिट्टी सोडून धावायची, म्हातारीला बगलेत हात घालून उचलायची आणि लहान लेकरासारखी पायरीवर ठेवायची.

"चढतानाचा नमस्कार पाडतोय," ती मला समजावायची, "आन् उतरतानाचा नमस्कार खातोय." म्हणजे असं: चढताना वाकलेला माणूस फार तर आपटतो, कारण तिथे पायरी जमिनीतून बाहेर येत असते. पण खाली उतरून, वळून, शेवटच्या पायरीला शिवायला गेला तर पायरी आत शिरत असते. तिथे धातूची फणी असते. पायरीच्या खाचांमधला कचरा ती विंचरून काढते. बोट आणि कचरा यातला फरक फणीला कळत नाही.

ह्यावर अक्काने एक उपाय काढला होता. जिन्याशेजारच्या भिंतीवर, हाताला येईल अशा उंचीवर, एका फरशीला ती रोज कुंकवाचं बोट लावायची. कुणी वाकायला लागलं की त्याचा हात धरून ती तिकडे न्यायची. "देव तिकडं हाय. तिथं हात लाव आन् चल." माणसं निमूट फरशीला हात लावून पुढे जायची. साहेब यायचे आहेत म्हणून कधी ती फरशी पुसली जायची. दुसऱ्या दिवशी कुंकू पुन्हा हजर.

मला हे पटायचं नाही. मी एकदा चिडून म्हणाले, "अक्का, तू बसवण्णांची. तुमच्यात देव गळ्यात असतो, भिंतीत नसतो. मग तूच लोकांना फरशी पुजायला कामून लावतीस?"

"आमच्यात गळ्यातच असतोय," अक्का म्हणाली. "पर ह्यास्नी ते सांगत बसू का मी? मागनं गाडीची माणसं यायलीत. ह्यो हात कुठं तरी जाणारच हाय पोरी. फणीत जाण्यापरीस भिंतीवर जाऊ दे."

मी वाद घातला. तिने शिट्टी वाजवली, माझ्यासाठी नव्हे, एका लोंबणाऱ्या ओढणीसाठी.

तो जिना खरोखर म्हातारा झाला होता. मध्येच अंग झटकावं तसा झटकायचा. हात धरायची रबरी पट्टी पायऱ्यांपेक्षा हळू सरकायची, म्हणून वर पोचेपर्यंत माणूस मागे कलायचा. फणीचे दात पडलेले. एक पायरी बाकीच्यांपेक्षा काळी होती, दुसऱ्या कुठल्या तरी जिन्यातून आणून बसवलेली. ती खाली आली की घटक् असा आवाज व्हायचा. अक्का तिला 'सवत' म्हणायची. "आली बघ सवत, आता आदळणार." खंडेनवमीला ती जिन्याला हार घालायची, लिंबू ठेवायची, आणि देखरेखीच्या साहेबाला प्रसाद देता देता दर वर्षी तेच सांगायची, "साहेब, म्हाताऱ्या बैलावर झूल घालावी, जू न्हाई. ह्याला सोडवा आता." साहेब म्हणायचे, "वरून मंजुरी येऊ दे, बाई."

मंजुरी आली. शहरातले सगळे जुने जिने एकेक करून बदलायचे ठरले. अक्काच्या जिन्याभोवती पत्रे लागले. पायऱ्या एकेक करून उचकटून काढताना ती पत्र्याच्या फटीतून बघत होती. सवत निघाली तेव्हा तिने मला ढोसलं, "गेली एकदाची." तिने सगळ्या कामगारांना पेढे वाटले. माझ्यासमोरच तिने ठेकेदाराच्या माणसाला विचारलं, "आता ह्येचं काय करणार?" तो म्हणाला, "भंगार, अक्का. वितळवायचं." तिने दोन्ही हात जोडले. एखाद्या जिवाला सुटका मिळाली की जोडतात तसे.

नवा जिना चकचकीत होता. कुणी नसलं की आपोआप थांबायचा, काही अडकलं तरी थांबायचा. त्याच्या पायथ्याशी माणूस लागत नव्हतं. अक्काला कोट परत करायला सांगितलं. मी भडकले, पत्रक लिहिते म्हणाले. ती म्हणाली, "काय लिवणार? जिना चांगला आणला म्हणून? ह्येच तर मागायले व्हते मी इतकी वर्सं." शिट्टी मात्र तिने परत केली नाही. कुणी मागितलीही नाही.

बसूअण्णा तोवर गाणगापुरात लॉज चालवायला लागला होता. खाली खोल्या, वर यात्रेकरूंसाठी मोठा हॉल, हॉलमध्ये दत्ताची मूर्ती. गळ्यात लिंग आणि धंदा दत्ताचा, ह्यावरून आमचे अप्पा त्याला चिडवायचे, आणि तो म्हणायचा, "सर, दोघं बी माझंच ऐकतेत, तुम्ही काळजी करू नका." दिलदार माणूस. लॉजच्या मागची खोली त्याने अक्कासाठी रंगवून ठेवली होती. ती तिथे राहायला गेली. सुट्टीत मी गावी आले होते तेव्हा त्याचा फोन आला: "उद्या ये. अक्काला एक गंमत दाखवायचीय, तू बी पायजेस."

गेले. लॉजच्या दर्शनी भागात काहीतरी उंच, अक्का राहायला आली तेव्हापासून ताडपत्रीने झाकलेलं उभं होतं. बसूअण्णाने अक्काला खांद्याला धरून समोर आणलं.

"डोळे मिट, अक्का."

"मिटले बाबा. पाडू नकोस मला."

ताडपत्री ओढली गेली. "आता उघड!"

अक्काने डोळे उघडले आणि सवयीने आधी खाली बघितलं. तिचा चेहरा मला दिसत होता. माझ्या आठवणीत इतक्या थोड्या वेळात इतका म्हातारा झालेला दुसरा चेहरा नाही.

"सवत," ती म्हणाली.

राखाडी रंगाचा नवा हात मारलेला तोच जिना होता. काळी पायरी तळाशी, आमच्यापुढेच थांबलेली.

"ओळखलीस न्हवं!" बसूअण्णा लहान मुलासारखा टाळ्या वाजवत होता. "तुझाच हाय. तूच सांगितलीस काढायलेत म्हणून. ठेकेदाराला गाठलाव, भंगारात जायच्या आधी उचललाव. आयुष्यभर दुसऱ्याच्या जिन्यापुढं उभी ऱ्हायलीस. आता घरच्या जिन्यापुढं खुर्ची टाकून बस. मालकीण हायस तू!"

अक्का खाली बसली. फणीवरून बोट फिरवलं. "बसू, ह्याचे दात कुठं हायत?"

"मेकॅनिक बघून गेलाय. चालतंय म्हणला."

"तेनी काढला कामून, इचारलास का?"

"जुना झाला म्हणून. शहरातल्यास्नी सगळं नवं लागतंय."

"आन् आपल्याला?"

बसूअण्णा ताडपत्रीची घडी घालायला लागला. शहराने ज्यावर स्वतःच्या माणसांचा पाय ठेवायला नकार दिला, ते रंग मारून आमच्या माणसांच्या पायाखाली आलं होतं. कुणी चोरून आणलं नव्हतं. एका भावाने बहिणीच्या मायेपोटी, हौसेने, वाजतगाजत आणलं होतं. मला लहानपणापासून अन्याय करणाऱ्या माणसाचा चेहरा ओळखायला शिकवलं होतं. तो चेहरा असा आनंदाने टाळ्या वाजवणारा असेल, हे कुठल्याच पत्रकात नव्हतं.

संध्याकाळी दोघांचं वाजलं. "मी तुला आईसारखी मानतोय, तुझ्यासाठी केलाव, आन् तू माझ्या दारात अपशकुन करायलीस," बसूअण्णा म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. अक्का म्हणाली, "आईनं लेकराच्या हातातला इस्तू काढून घेतला तर लेकरू रडतंयच रे." पण उद्घाटनाची आमंत्रणं गेली होती, मांडव पडला होता, आणि पाहुण्यांचं जेवण चुलीवर होतं. शेवटी अक्का म्हणाली, "चालू करणारच असलास तर खाली मी उभी ऱ्हाणार. दुसरं कुणी न्हाई." बसूअण्णाला वाटलं ती मानली. तो हसला आणि तिच्या पाया पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिना वर जात होता. अक्का साडीचा पदर खोचून, गळ्यात शिट्टी घालून पायथ्याशी उभी. शेजारच्या जुन्या दगडी जिन्याच्या कठड्यावर तिने कुंकवाचं बोट लावून ठेवलं होतं, शहरातल्यासारखंच. वाकणाऱ्यांना ती तिकडे वळवत होती. म्हाताऱ्या माणसांच्या तोंडावर असं नवल होतं की मलाही क्षणभर वाटलं, उगाच घाबरलो. एक आजोबा वर पोचून ओरडले, "ए, मला कुणी उचललं रे?" सगळा मांडव हसला. अक्का तेवढी हसली नाही.

आरती झाली. माणसं आता उतरणार, म्हणून बसूअण्णाने जिना उलटा फिरवला. वरून खाली. आणि मग जे दिसलं त्याची कल्पना अक्कालासुद्धा नव्हती.

माणसं पाठमोरी उतरत होती.

देवाला पाठ दाखवू नये, म्हणून आमच्याकडे देवळातून मागे मागे सरत बाहेर येतात. हॉलमध्ये मूर्ती होती, जिना मूर्तीच्या समोरच होता. हात जोडून, मूर्तीकडे तोंड करून, डोळे अर्धे मिटून, माणसांची रांग आमच्याकडे पाठ करून खाली येत होती. कुणालाही जमीन कुठे आहे ते दिसत नव्हतं. शहरात असं कधी झालं नव्हतं. शहरात वर देव नव्हता, गाडी होती.

अक्का ओरडली, "बसू, बंद कर!" वाजंत्री चालू होती. ती एकेकाला कमरेला धरून उचलून बाजूला ठेवायला लागली. मीही धावले. पहिली माणसं सुखरूप उतरली. मग उदगीरकडच्या एक मावशी आल्या, हिरव्या लुगड्यातल्या. त्यांना मी धरलं, जमिनीवर उभं केलं, आणि पुढच्या माणसाकडे वळले. उभ्या राहिल्या राहिल्या मावशी वाकल्या. उतरतानाचा नमस्कार. सवत खाली येत होती.

अक्काला त्यांचा हात ओढायला वेळ नव्हता. तिने आपला हात मध्ये घातला.

किंचाळी मावशींची होती. अक्काच्या तोंडात शिट्टी होती, आणि ती वाजलीच नाही. मी लाल बटण शोधत होते. प्रत्येक सरकत्या जिन्याला खाली लाल बटण असतं, दाबलं की तो थांबतो. अक्कानेच मला ते शिकवलं होतं. ते मला सापडेना. बसूअण्णाने धावत जाऊन मुख्य स्विच ओढला तेव्हा जिना थांबला. लाल बटण जागेवरच होतं. त्याच्यावर उद्घाटनाचा झेंडूचा हार बांधला होता, भरगच्च, कुणी तरी फार प्रेमाने.

कलबुर्गीच्या दवाखान्यात अक्काच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. शुद्धीवर आल्यावर तिने पहिलं विचारलं, "तिची?"

"हायत," मी म्हणाले.

"मग झालं."

बाहेर बाकावर उदगीरच्या मावशी बसून होत्या. त्यांची माणसं त्यांना न्यायला आली तरी उठेनात. येईल त्याला विचारत होत्या, "मी देवाच्या पाया पडले की ओ. माझं काय चुकलं?" मी उठून नळाकडे गेले आणि उगीचच हात धूत राहिले.

बसूअण्णा पहिले काही दिवस जेवला नाही. अक्काच्या उशाशी बसून रडायचा. पण माणूस किती दिवस रडणार? लॉजमध्ये सगळं गुंतलेलं. दत्तजयंतीची गर्दी जवळ आली. मेकॅनिक येऊन फणीला कुठले तरी दात बसवून गेला. 'पायरीस हात लावू नये' असा फलक लागला, मराठीत आणि कन्नडमध्ये. गुरुवारी जिना पुन्हा चालू होणार, असं मला कळलं.

मी एका बैठकीत पत्रक लिहिलं. नाव दिलं 'भंगाराचा प्रसाद'. त्यात ठेकेदार होता, मेकॅनिक होता, शहर होतं आणि बसूअण्णा नावानिशी होता. अप्पांनी वाचून माझ्या पाठीवर हात ठेवला. मी ते घेऊन अक्काकडे गेले आणि तिला वाचून दाखवलं. तिने डाव्या हाताने उजव्या हातावरचं बँडेज सांभाळत शेवटपर्यंत ऐकलं.

"चांगलं लिवलीस," ती म्हणाली. "बसूचं नाव काढ."

"कामून? त्यानंच तर आणला!"

"काढ म्हणले न्हवं." मग कागदाची मागची कोरी बाजू बघून, "आन् छापून काय करणार?"

"गाणगापुरात वाटणार. प्रत्येक यात्रेकरूच्या हातात देणार."

अक्काने माझ्या पायांकडे बघितलं. ती विचारात असली की तिथेच बघायची. "वाकणारा माणूस वाचत न्हाई, पोरी," ती म्हणाली. "तेचा फलक बी वाचणार न्हाई, तुझं पत्रक बी न्हाई."

गुरुवारी सकाळी ती माझ्या आधी तिथे होती. जिना बंदच होता अजून. तिने तळाची पायरी पाण्याने धुतली, डाव्या हाताने वेडीवाकडी रांगोळी काढली, आणि पिशवीतून लाकडी पादुकांचा एक जोड काढला. गाणगापुरात दुकानादुकानांत मिळतात तसल्या, आदल्या दिवशी विकत घेतलेल्या. त्या तिने पायरीवर बरोबर मधोमध ठेवल्या, कुंकू लावलं, दोन फुलं वाहिली आणि उदबत्ती लावली. मग बाजूला जाऊन दगडी जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली.

ती पायरी काळी होती. तिने नेमकी सवत निवडली होती का, की तीच तिथे थांबली होती, मी विचारलं नाही.

मी हादरले. घरात मूर्ती नसलेली बाई. गळ्यात लिंग घालून भंगाराच्या पायरीवर पादुका मांडत होती. "अक्का, हे काय करायलीस? लोकांना आणखी वेडं करायलीस तू! आम्ही आयुष्यभर ह्याच्याच विरुद्ध..."

"ठाऊक हाय," ती म्हणाली. "आधी बोटं वाचू दे त्यांची. बोटं असली की मग तुझं पत्रक धरतील हातात. मग शिकव तू."

यात्रेकरू यायला लागले. जिन्यापाशी आले, पादुका बघितल्या, लांबूनच हात जोडले आणि दगडी जिन्याने वर गेले. कुणी विचारलं नाही कुणाच्या पादुका, कुणी ठेवल्या. एका बाईने पाच फुलं वाहिली. एका माणसाने पोराला मागे ओढलं, "पाय लागंल रे." बघता बघता पायरी फुलांनी भरली.

बसूअण्णा आतून आला. त्याचा हात स्विचच्या डब्यावर होता. त्याने पायरीकडे बघितलं आणि त्याला सगळं कळलं. बटण दाबलं की पादुका सरकणार आणि फणीत जाणार, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.

"अक्का, काढ की ते."

"तू काढ."

"लोकं बघायलेत."

"बघू दे की. तुझा जिना हाय, तुझी लॉज हाय. उचल आन् दे बाजूला."

तो खाली वाकला. हात पुढे नेला. पायरीपाशी त्याचा हात थांबला, आणि त्याच्या शेजारी, दगडी पायरीवर बसलेल्या अक्काचा पट्टी बांधलेला हात मांडीवर होता. तो तसाच वाकलेला राहिला, कितीतरी वेळ. मग काहीही न उचलता सरळ झाला, डब्याला कुलूप लावलं आणि आत निघून गेला.

अक्का त्या घरात राहिली नाही. त्याने हाकललं नव्हतं, उलट तो गाडीपर्यंत पिशवी घेऊन मागे मागे आला. ती म्हणाली, "ज्याचा जिना बंद पाडला तेच्या घरची भाकर गोड कशी लागंल रे मला?" हुमनाबादला एक भाची होती, तिच्याकडे गेली. बसस्टँडजवळच घर. मी भेटायला जायचे तेव्हा ती ओट्यावर बसून उतरणाऱ्यांचे पाय बघत असायची, आणि एखादीचा पदर बसच्या दारात लोंबला की इतक्या लांबून शिट्टी वाजवायची. कंडक्टर दचकायचे. भाची कपाळावर हात मारून घ्यायची.

गेल्या उन्हाळ्यात अक्का गेली, झोपेतच. बसूअण्णा मातीला आला होता. शिट्टी तिच्या हातात ठेवू का, असं भाचीने विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "उजव्या हातात ठेव."

'भंगाराचा प्रसाद' मी छापलं, त्याचं नाव काढून. वाटलंसुद्धा. त्यातली काही पत्रकं गाणगापुरातल्या दुकानांत मला दिसली, त्यांत कुंकवाच्या पुड्या बांधलेल्या.

परवा मी त्या लॉजवर गेले. जिना तिथेच उभा आहे, बंद. सकाळची वेळ होती. बसूअण्णा तळाची पायरी धूत होता. एका म्हाताऱ्या बाईने त्याला विचारलं, "बाबा, ह्यो जिना चालू न्हाई व्हय?" त्याने मान वर केली नाही. आधी तिच्या पायांकडे बघितलं. "न्हाई मावशी," तो म्हणाला, "दगडी जिन्यानं जावा. काठ उचला लुगड्याचा, लोळायलाय."

ती गेल्यावर तो पायरीला हात लावायला वाकला. पुढे नेता नेता त्याने उजव्या हाताची दोन बोटं तळव्यात मिटून घेतली, आणि उरलेल्या बोटांनीच नमस्कार केला.